आपल्याच उमेदवाराला पक्ष टाकू शकतो काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकीच्या दिवसांत एक प्रश्न वारंवार आपल्या कानांवर येतो. एखादा पक्ष एखाद्या गृहस्थाला उभा करतो. पुढे त्या गृहस्थाविषयी काही विपरीत बाहेर येते, किंवा त्याच्या नावावरून पक्षाच्या पुढाऱ्यांतच दुफळी माजते. मग चावडीवर, चहाच्या दुकानात आणि कोर्टाच्या आवारातही लोक विचारू लागतात की, हा पक्ष ह्या माणसाला सोडून का देत नाही? पक्षाचे लोक म्हणतात, 'आता आमच्या हाती काही राहिलेले नाही.' विरोधक म्हणतात, 'ह्यांची इच्छाच नाही.' ह्या दोहोंत खरे कोणाचे, हे ठरविण्याचे काम मतदारावर येऊन पडते. आणि मतदाराला कायदा कोणी समजावून सांगितलेला नसतो.

आजचे माझे काम तेवढेच आहे. पक्ष आपल्या उमेदवाराला टाकू शकतो काय, शकत असेल तर कोणत्या घटकेपर्यंत, आणि त्या घटकेनंतर त्याने कितीही हात झटकले तरी कोणती जबाबदारी त्याच्या अंगावरून जात नाही, हे मी आपणांपुढे ठेवणार आहे. हा विषय केवळ वकिलांचा नाही. आपल्या आजोबा-आजींपैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. ते चिन्ह पाहून त्यांनी मत टाकले. आजही पुष्कळ घरांत माणूस कोण आहे हे पाहण्याआधी चिन्ह कोणते आहे हे पाहिले जाते. ज्या चिन्हावर आपण विश्वास टाकतो, त्या चिन्हाच्या आड उभ्या असलेल्या माणसाविषयी चिन्हाचा मालक काय करू शकतो, हे म्हणूनच आपणांस ठाऊक असले पाहिजे.

कायद्याने दिलेली मुदत

प्रथम कायदा पाहू. आपली राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्यात 'राजकीय पक्ष' ह्या संस्थेची व्यवस्था नव्हती. पक्षांतरबंदीसाठी १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली व दहावी अनुसूची जोडली गेली, तेव्हा पक्ष घटनेत आला. निवडणुकीच्या कायद्यात मुख्य माणूस आहे तो उमेदवार. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाप्रमाणे नामनिर्देशनपत्र भरतो तो उमेदवार, शपथ घेतो तो उमेदवार, अनामत भरतो तो उमेदवार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो आणि इतरांना दहा लागतात, एवढी सवलत पक्षामुळे मिळते. पण पक्षाचा खरा हक्क चिन्हावर आहे.

चिन्हाविषयीचे नियम १९६८ च्या निवडणूक चिन्हांच्या आदेशात दिलेले आहेत. त्यातील तेराव्या परिच्छेदाप्रमाणे अमुक मनुष्य आपला उमेदवार आहे, असे पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याने सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. आपल्याकडे ज्याला एबी फॉर्म म्हणतात तो हाच. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत पोहोचला पाहिजे. तीन वाजण्यापूर्वी पक्षाचे मन बदलले, तर पहिला फॉर्म रद्द करीत असल्याचे स्पष्ट लिहून तो दुसऱ्याच्या नावाने फॉर्म देऊ शकतो. तेथवर पक्ष स्वतंत्र आहे. ज्याला सकाळी तिकीट दिले त्याला दुपारी टाकले, तर त्यास कायदा आड येत नाही.

तीन वाजले की चित्र पालटते. त्यापुढे उमेदवारी मागे घेण्याचे एकच दार उरते, ते म्हणजे अधिनियमाचे कलम ३७. त्या कलमाखाली माघारीच्या सूचनेवर सही लागते ती उमेदवाराची. ती नेऊन देण्याचे काम प्रस्तावक किंवा प्रतिनिधी करू शकेल, पण सही त्याचीच हवी. पक्षाध्यक्षाने सही केली, कार्यकारिणीने ठराव केला किंवा वर्तमानपत्रांत निवेदन दिले, तरी त्याचा उपयोग नाही. माघारीची मुदत संपली, लढणाऱ्या उमेदवारांची यादी लागली, म्हणजे तो मनुष्य त्या पक्षाच्या चिन्हासह मतपत्रिकेवर कायम झाला. पक्ष त्याला प्राथमिक सदस्यत्वातून काढून टाकील, त्याची सभा घेणार नाही, त्याला पैसा देणार नाही. पण यंत्रावरचे चिन्ह त्याच्या नावासमोरून पुसू शकणार नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्या. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला, तर कलम ५२ प्रमाणे मतदान पुढे ढकलले जाते आणि त्या पक्षाला दुसरा उमेदवार देण्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. म्हणजे मृत्यूसाठी कायद्याने वाट ठेवली आहे, बदनामीसाठी ठेवलेली नाही. पुष्कळांना हा कायद्यातील दोष वाटतो. मला तसे वाटत नाही. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवार खाली उतरविण्याची सत्ता पक्षाच्या कचेरीत ठेवली, तर प्रत्येक मतदारसंघात शेवटच्या रात्री सौदे होतील. बोलणारा, प्रश्न विचारणारा, पक्षश्रेष्ठींच्या मर्जीतून उतरलेला उमेदवार प्रथम बळी जाईल. आणि तो राखीव मतदारसंघातील गरीब घरचा असेल, तर त्याची दाद कोण घेणार? कायद्याचा कठोरपणा येथे दुबळ्याच्या बाजूचा आहे.

निवडून आल्यानंतरही पक्षाचा हात आखूडच राहतो. जी. विश्वनाथन ह्यांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पक्षाने सदस्याला हाकलून दिले तरी दहाव्या अनुसूचीपुरता तो, ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला, त्याच पक्षाचा समजावा. पक्ष त्याला घराबाहेर काढू शकतो, सभागृहाबाहेर काढू शकत नाही.

तेव्हा 'आमच्या हाती काही नाही' असे जेव्हा पक्ष म्हणतो, तेव्हा ते कायद्याने पुष्कळदा खरे असते. पण त्याने आपले समाधान होता कामा नये. पक्षाने उमेदवाराला टाकले म्हणजे आपण तीन प्रश्न विचारावेत. कधी टाकले? कशासाठी टाकले? आणि टाकण्याची किंमत कोणी मोजली? हे तीन प्रश्न हाती घेऊन आपण काही घडलेल्या गोष्टी पाहू.

१९६९ : सही एका नावावर, मत दुसऱ्या नावाला

स्वतंत्र भारतात पक्षाने आपलाच उमेदवार टाकल्याचे सर्वांत मोठे उदाहरण १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे आहे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पदावर असताना निधन पावले. जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळापुढे उमेदवाराचा प्रश्न आला. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी ह्यांनी बाबू जगजीवनराम ह्यांचे नाव सुचविले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी अस्पृश्य समाजातील गृहस्थ राष्ट्रपती व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाने ते नाव बाजूला ठेवून बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी ह्यांना पसंत केले. आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण हेही रेड्डींच्याच बाजूने होते.

पुढे घटना भराभर घडल्या. मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी ह्यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रपतिपदाचे काम सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी काही आठवडे पाहिले. तिकडे स्वतंत्र पक्ष व जनसंघ ह्यांनी चिंतामणराव देशमुख ह्यांना पाठिंबा दिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्राचे माजी अर्थमंत्री म्हणून त्यांचे नाव आपणांस परिचित आहे.

रेड्डी ह्यांच्या नामनिर्देशनपत्रावर स्वतः पंतप्रधानांची सही होती. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा ह्यांनी विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांना भेटून त्यांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत अशी खटपट केली. त्यावर पंतप्रधानांच्या गोटातून संशय व्यक्त झाला. पक्षादेश काढण्याची मागणी त्यांनी नाकारली आणि सदस्यांनी आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे मत द्यावे, असा पुकारा केला. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरी ह्यांना ४,०१,५१५, रेड्डी ह्यांना ३,१३,५४८ आणि देशमुख ह्यांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. कोणासही निम्म्याहून अधिक न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा झाला. ज्या पक्षाच्या हाती केंद्राची सत्ता होती, त्याचा अधिकृत उमेदवार १४,६५० मतमूल्याने पडला, आणि तो त्याच पक्षाच्या लोकांनी पाडला.

ह्या प्रकरणी कायदा काय म्हणतो? राष्ट्रपतीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. घटनेच्या ५५ व्या अनुच्छेदाप्रमाणे मतदान गुप्त असते. म्हणजे त्या निवडणुकीत पक्षाला कायद्याने अस्तित्वच नाही. कोणताही आमदार वा खासदार आपल्या विवेकाप्रमाणे मत देण्यास पूर्ण मोकळा आहे. गिरी ह्यांच्या निवडणुकीविरुद्ध अर्ज झाले. रेड्डींची बदनामी करणारे एक पत्रक मतदारांत वाटले गेले होते, त्यावर बराच काथ्याकूट झाला, स्वतः राष्ट्रपतींची साक्ष झाली. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ते अर्ज फेटाळले. कायद्याने विषय तेथे संपला.

पण आपले तीन प्रश्न संपत नाहीत. कधी टाकले? नामनिर्देशनपत्रावर सही केल्यानंतर. मतदाराला विवेक असतो हे मला मान्य आहे. परंतु सही करतानाही तो असावयास हवा होता. नाव मान्य नव्हते, तर सही नाकारण्याचे धैर्य दाखविण्याची ती वेळ होती. कशासाठी टाकले? रेड्डींवर १९६४ साली बस मार्गांच्या खटल्यातील न्यायालयाच्या शेऱ्यांमुळे आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडण्याची पाळी आली होती, हे खरे. परंतु १९६९ चा वाद त्यावरून झाला नाही. पक्ष कोणाच्या हाती राहावा ह्यावरून तो झाला. १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनाच पक्षातून काढण्यात आले, काँग्रेसचे दोन तुकडे झाले, आणि बैलजोडी कोणाची हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यावरून खरे भांडण कशाचे होते ते दिसते.

आणि किंमत कोणी मोजली? रेड्डींनी मोजली, पण त्यांची भरपाई झाली. १९७७ साली तेच रेड्डी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले. ज्याची भरपाई झाली नाही असे नाव दुसरे आहे. जगजीवनराम ह्यांचे नाव जुलैमध्ये गांधी शताब्दीसाठी योग्य होते. रेड्डींना टाकावयाचे ठरले, तेव्हा मात्र विवेकाचे मत गिरींसाठी मागितले गेले. जगजीवनराम ह्यांचे नाव पुन्हा पुढे आले नाही. गिरी हे योग्य राष्ट्रपती नव्हते असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की, आपल्या समाजाचे नाव ज्या सहजतेने बैठकीत आणले गेले, त्याच सहजतेने ते बैठकीबाहेर ठेवले गेले. दलित समाजातील पहिले राष्ट्रपती के. आर. नारायणन् ह्यांची निवड होण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

बांसवाडा आणि हासन

आता अलीकडची उदाहरणे घेऊ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राजस्थानातील बांसवाडा ह्या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात काँग्रेसने अरविंद डामोर ह्यांना आपला उमेदवार केले. त्यांनी अर्ज भरला, पक्षाचा फॉर्म जोडला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, माघारीच्या मुदतीच्या तोंडावर, पक्षाने भारत आदिवासी पार्टीचे राजकुमार रोत ह्यांना पाठिंबा जाहीर केला. डामोर ह्यांनी माघार घेतली नाही. मग कलम ३७ चा अर्थ साऱ्या देशाला दिसला. पंजाचे चिन्ह डामोर ह्यांच्या नावासमोर तसेच राहिले, आणि पंजाला मत देऊ नका असे सांगत फिरण्याची पाळी त्याच पक्षाच्या पुढाऱ्यांवर आली. रोत सुमारे अडीच लाखांच्या फरकाने निवडून आले. तरी डामोर ह्यांनाही साठ हजारांहून अधिक मते मिळाली. त्यांपैकी किती मते त्या माणसाला होती आणि किती निव्वळ जुन्या चिन्हाला होती, हे यंत्र सांगत नाही. पण ज्या मतदारापर्यंत पक्षाचा निरोप पोहोचला नाही, त्याचे मत पक्षानेच नाकारलेल्या ठिकाणी गेले, एवढे उघड आहे. येथे किंमत मोजली ती त्या मतदाराने.

त्याच निवडणुकीत कर्नाटकातील हासन येथे जनता दल (सेक्युलर) पक्षाने माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा ह्यांचे नातू प्रज्वल रेवण्णा ह्यांना पुन्हा उभे केले. स्त्रियांवरील अत्याचारांच्या चित्रफिती मतदानापूर्वीच मतदारसंघात फिरू लागल्या होत्या. मतदान २६ एप्रिलला झाले. पक्षाने त्यांना निलंबित केले ते ३० एप्रिलला. निवडणुकीत ते पराभूत झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका खटल्यात विशेष न्यायालयाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. एके ठिकाणी आदिवासी मतदारसंघातील साधा कार्यकर्ता. त्याच्यावर कोणताही कलंक नाही, तरी त्याला चार दिवसांत टाकले, कारण आघाडीचा हिशेब बदलला. दुसऱ्या ठिकाणी पक्षाच्या घराण्याचा वारस. त्याला मतपेट्या बंद होईपर्यंत टाकले नाही. दुबळा उमेदवार लवकर टाकला जातो आणि बलवान उशिरा, हे ह्यातून मनावर ठसते.

उलट प्रकारही घडतो. त्याच वर्षी इंदूर येथे काँग्रेसच्या उमेदवाराने मुदतीच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली व तो प्रतिपक्षात गेला. पक्षाकडे दुसरा उमेदवार देण्याची वेळ उरली नव्हती, म्हणून त्याने लोकांना 'नोटा'चे बटण दाबण्यास सांगितले. २,१८,६७४ मतदारांनी ते दाबले. तरी निकाल बदलला नाही. कारण आपल्या कायद्यात नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तोच निवडून येतो.

अमेरिकेतील दोन प्रकरणे

हा रोग आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पुष्कळदा पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत निवडतात, त्यामुळे पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचा हात तेथे अधिकच आखूड असतो. २०१७ साली अलाबामा राज्यात सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन मतदारांनी रॉय मूर ह्यांना निवडले. ९ नोव्हेंबरला वृत्तपत्रात स्त्रियांच्या तक्रारी आल्या की, पूर्वी आपण अल्पवयीन असताना मूर आपल्या मागे लागले होते. एकीचे वय तेव्हा १४ होते. मूर ह्यांनी आरोप नाकारले. मतदानाला ७६ दिवसांहून कमी उरले की उमेदवार बदलता येत नाही, असा त्या राज्याचा कायदा होता. म्हणून नाव मतपत्रिकेवर राहिले. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने आपला पैसा व माणसे काढून घेतली. परंतु डिसेंबरच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी मूर ह्यांना उघड पाठिंबा दिला आणि तीच समिती परत आली. म्हणजे टाकणे तीन आठवड्यांपुरते होते. १२ डिसेंबरला मूर सुमारे २२ हजार मतांनी पडले. आणि २२ हजारांहून अधिक मतदारांनी मतपत्रिकेवर तिसरेच नाव स्वतःच्या हाताने लिहिले होते. जे पक्षाला निभावता आले नाही, ते तेथे त्याच्या मतदारांनी करून दाखविले.

दुसरे प्रकरण १९७२ चे. डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी सिनेटर थॉमस ईगलटन ह्यांना उभे केले. मनाच्या विकारासाठी पूर्वी त्यांच्यावर रुग्णालयात विजेचे उपचार झाले होते, ही गोष्ट बाहेर आली. अध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्गव्हर्न ह्यांनी आधी आपण हजार टक्के त्यांच्या पाठीशी असल्याची ग्वाही दिली आणि आठवड्याभरात त्यांना बाजूला केले. ईगलटन ह्यांचा अपराध काय होता? आजारी पडणे हा अपराध नव्हे. पक्षाने त्यांना टाकले, तरी नोव्हेंबरात पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांत पक्ष हरला. ईगलटन ह्यांना मात्र त्यांच्या मिझुरी राज्यातील लोकांनी १९७४ साली पुन्हा सिनेटवर पाठविले.

आरोप, शिक्षा आणि तिकीट

येथे आपल्यापैकी कोणी मला विचारील की, वकीलसाहेब, आरोप झाला म्हणजे माणूस गुन्हेगार ठरतो काय? नाही. आपल्या समाजावर खोटे खटले किती भरले जातात, हे मला आपण सांगण्याची आवश्यकता नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष, हे तत्त्व मी कोर्टात उराशी धरतो. कायद्यानेही उमेदवार अपात्र ठरतो तो, कलम ८ प्रमाणे, शिक्षा झाल्यावर.

परंतु तुरुंगात पाठविण्याची कसोटी एक आणि तिकीट देण्याची कसोटी दुसरी. तिकीट हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. तो विश्वास आहे. आरोपीचा बचाव करण्याचा हक्क जितका पवित्र, तितकाच उमेदवाराचा इतिहास जाणण्याचा मतदाराचा हक्क पवित्र. म्हणून पक्षाने आरोपाची खुली छाननी करावी. आरोप पोकळ ठरला तर ठामपणे उमेदवाराच्या पाठीशी उभे राहावे, आणि खरा वाटला तर वेळेत त्याला दूर करावे. दोन्हींत धैर्य लागते. वारा कोठून वाहतो हे पाहून टाकणे किंवा धरणे, ह्यात ते लागत नाही.

न्यायालयांनीही हेच ओळखून निवडीच्या वेळेवर बोट ठेवले आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी रामबाबू सिंह ठाकूर ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ज्यांच्यावर फौजदारी प्रकरणे आहेत अशांना उमेदवारी देणाऱ्या पक्षाने त्या प्रकरणांचा तपशील प्रसिद्ध करावा, आणि निष्कलंक मनुष्य का मिळाला नाही ह्याचीही कारणे द्यावीत. केवळ निवडून येण्याची शक्यता हे कारण चालणार नाही. बिहारच्या २०२० च्या निवडणुकीत हा आदेश नीट न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला. सहांना एकेक लाख आणि दोघांना पाच-पाच लाख रुपये. ज्या पक्षांचा निवडणूकखर्च कोट्यवधींचा, त्यांना हा दंड जड नाही; पण तत्त्व न्यायालयाने मांडून ठेवले आहे. पक्षाची जबाबदारी टाकण्याच्या दिवशी सुरू होत नाही, ती निवडण्याच्या दिवशी सुरू होते.

आपले कर्तव्य

मग आपण काय करावे? मी चारच गोष्टी सांगतो. पहिली, उमेदवार जाहीर झाल्यानंतर पक्षाने कारणांची जाहिरात वर्तमानपत्रात दिली आहे काय, हे पाहा. दुसरी, प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील खटले, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण दिलेले असते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येते. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी ते उतरवून घ्यावे आणि विहारात लोक जमतात तेव्हा सर्वांना वाचून दाखवावे. आयाबहिणींना अवश्य दाखवावे, कारण पुष्कळ गोष्टी त्यांच्यापासून दडविल्या जातात. तिसरी, आक्षेप असेल तर अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजण्यापूर्वी पक्षाच्या दारात जा. त्या घटकेपर्यंत पक्षाला खरोखर काही करता येते. त्यानंतरचा मोर्चा तो केवळ निवेदन देऊन परत पाठवील. चौथी, एवढे करूनही पक्षाने अयोग्य माणूस तुमच्यापुढे ठेवला, तर चिन्हाच्या मोहात पडू नका. पक्षाला टाकता येत नाही त्या दिवशीही तुम्हांला टाकता येते. मतदानाच्या खोलीत तुमच्यावर कोणाचा पक्षादेश चालत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी देशाला सावध केले होते, आणि पक्ष आपले मत देशाहून मोठे मानू लागले तर स्वातंत्र्य धोक्यात येईल असेही बजावले होते. भक्ती व्यक्तीची असते तशी ती चिन्हाचीही असते. मग ते चिन्ह कोणाचेही असो, आपल्या स्वतःच्या चळवळीतील एखाद्या पक्षाचे का असेना. आपला म्हणविणाऱ्या पक्षालाही वर सांगितलेले तीन प्रश्न विचारण्यास कचरू नका. उलट, त्याला ते आधी विचारा.

ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका येतच राहणार आहेत. पुढच्या वेळी उमेदवारी अर्जांची तारीख जाहीर होईल, त्या आठवड्यात आपल्या वस्तीत एक सभा घ्या, शपथपत्रे वाचा, आणि आपले म्हणणे लेखी करून सर्व पक्षांना पाठवा. ते कागद जपून ठेवा. पुढे एखादा पक्ष म्हणाला की, 'आम्हांला हे ठाऊक नव्हते', तर तो कागद त्याच्यापुढे धरता येईल.

जय भीम.